सैफुल ते मंद्रूप, व्हाया गोंधळ

रोज एकाच गाडीतून जाणाऱ्या माणसांची एक गंमत असते. गाडीत काही ना काही साठत जातं. सीटखाली रिकाम्या बाटल्या, मागच्या काचेपाशी कुणाची तरी छत्री, कप्प्यात एकाच कानातलं डूल. कुणाचं म्हणून विचारलं की सगळे म्हणतात, "माझं नाही." किस्से तसेच साठतात. फरक इतकाच, की किस्सा कुणाचा म्हणून विचारलं की चौघंही म्हणतात, "माझा!"

आम्ही चौघं मंद्रूपच्या एका ज्युनिअर कॉलेजात शिकवतो आणि सोलापुरात राहतो. मी माने, भूगोल. गणिताचे पाटील सर, उंच, गंभीर, दिवसाला मोजकी वाक्यं बोलणारे. केमिस्ट्रीचे शेख सर, जे त्यांची उरलेली सगळी वाक्यं बोलतात. आणि कन्नड-मराठी दोन्ही एका दमात बोलणाऱ्या, रिटायरमेंटला टेकलेल्या हिरेमठ मॅडम. सकाळी सैफुल चौकात जमायचं, एकाच्या गाडीत बसायचं आणि विजापूर रोड पकडायचा. गाडी आठवड्याआठवड्यानं पाळीनं. साधा, सरळ हिशेब.

पण हा साधा हिशेब एकदाही सरळ चालला नाही!

*

एका रविवारी शेख सरांनी ग्रुपवर टाकलं, "उद्या माझी गाडी नाही." आम्ही तिघांनी अंगठ्याचं चित्र टाकलं. अंगठ्याचा अर्थ प्रत्येकानं आपापला लावला: दुसरा कुणीतरी आणतोय. सोमवारी चौघं सैफुलला डबे घेऊन उभे, आणि गाडी एकही नाही! एसटीनं लोंबकळत गेलो.

पुढच्या रविवारी तोच मेसेज, तेच अंगठे. पण आता प्रत्येकजण शहाणा झालेला. सोमवारी सैफुलला चार गाड्या! शेख सरसुद्धा घेऊन आलेले.

"तुमची नव्हती ना आज?"

"नव्हती. पण तुम्ही कुणी आणणार नाही असं वाटलं!"

आता गाड्या सोडायच्या कुठं? मग निघालो एकामागे एक. मंद्रूपात शिरलो तर टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. त्या दिवसांत कॉलेजला तपासणी समिती कधीही येणार होती. गेटातून चार गाड्यांची रांग आत आलेली बघितली आणि प्राचार्य कोटाचं बटण लावत धावतच बाहेर आले. हातात हार. पहिल्या गाडीचं मागचं दार त्यांनी स्वतः उघडलं. आत कुणी नाही. दुसरीचं उघडलं. कुणी नाही. तिसरी. चौथी. मग त्यांनी पुढं वाकून पाहिलं, तर स्टिअरिंगवर पाटील सर.

"साहेब कुठायत?"

"कोणते साहेब?"

"मग एवढ्या गाड्यांतून आलं कोण?"

"आम्ही."

प्राचार्यांनी तो हार पाटील सरांच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि आत निघून गेले. त्या गाडीची पूजा व्हायचीच होती. पाटील वहिनी आजही म्हणतात, "तुमचे प्राचार्य किती चांगले हो! गाडी घेतली तर हार घालून स्वागत!"

*

वाटेतल्या वडकबाळ गावाच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. शेख सर म्हणाले, "टेन्शन नका घेऊ, मॅप आहे." मोबाईलमधली बाई म्हणाली डावीकडे, आम्ही डावीकडे. ती म्हणाली उजवीकडे, आम्ही उजवीकडे. मी भूगोलाचा माणूस. सूर्याकडे बघून म्हणालो, "शेख सर, आपण उलटं चाललोय."

"सर, ती सॅटेलाइटवरून बघतीय. तुम्ही खिडकीतून बघताय!"

रस्ता संपला, गाडीवाट संपली, दोन्ही बाजूंनी ज्वारी गाडीच्या वर गेली. ती बाई मात्र शांतपणे म्हणत होती, "सरळ पुढे जा." सरळ पुढे म्हैस होती.

म्हशीमागून तिचा मालक आला. मॅडमनी काच खाली केली. "अहो, मंद्रूपला कसं जायचं?"

तो माणूस गोंधळून गेला. एकदा आमच्याकडे, एकदा मागं बघितलं. "कोन्च्या मंद्रूपला?"

"आता मंद्रूप किती आहेत?"

"येकच हाय."

"मग त्याच मंद्रूपला!"

"आवो बाई," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "मंद्रूपातच हाय की तुमी!"

आणि खरंच! म्हैस बाजूला झाली तेव्हा पलीकडं आमच्या कॉलेजची मागची भिंत दिसली. मोबाईलमधली बाई म्हणाली, "तुम्ही पोचला आहात." भिंतीवरून चढून जायचं होतं, तेवढं ती सांगायची विसरली.

*

पाटील सरांना रिव्हर्स घेता येत नव्हता.

हे आम्हाला कितीतरी दिवस कळलंच नाही. ते गाडी नेहमी अशी लावायचे की पुढूनच निघता येईल. एखाद्या गल्लीत घुसले की दुसऱ्या टोकानं बाहेर, मग भले त्यासाठी सगळं जुळे सोलापूर उपनगर फिरायला लागू दे. आम्हाला वाटायचं, गणिताचा माणूस आहे, काहीतरी विचार असणार.

विचार एकच होता. रविवारी "जादा तास आहेत" असं वहिनींना सांगून ते एकटे मंद्रूपला जायचे आणि मोकळ्या मैदानावर गाडी उलटी चालवायचे. इतक्या मोठ्या माणसाला हे येत नाही, हे घरात सांगायचं कसं?

एका रविवारी ते निघायच्या तयारीत वरच्या मजल्यावर बूट घालत होते. फोन वाजला, प्राचार्यांचा. उचलला तर पलीकडून काहीच ऐकू येईना. हे इकडून "हॅलो, हॅलो" करतायत, आवाज नाही. कारण खाली त्यांनी गाडी आधीच चालू करून ठेवली होती आणि फोन परस्पर गाडीला जोडला गेला होता! प्राचार्यांचा आवाज गाडीत घुमत होता आणि गाडीत त्यांचा डबा ठेवायला गेलेल्या वहिनी बसल्या होत्या.

"पाटील, एक नाजूक विचारायचंय," गाडी म्हणाली. "शिपाई सांगतोय, तुम्ही दर रविवारी मैदानावर येऊन तासन्‌तास मागे मागे जाता. घरी सगळं ठीक आहे ना?"

वहिनी घाबरल्या. "मागे मागे म्हणजे?"

आता प्राचार्य दचकले. पाटलांचा आवाज बायकी कसा झाला? "म्हणजे... उलटे. गोल गोल."

वहिनी धावत वर आल्या आणि पाटील सरांच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. मग सगळं बाहेर आलं. सर खाली मान घालून बसले. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच आपण घरी खोटं बोललो, म्हणाले. वहिनी खाली गेल्या, गाडीत बसल्या आणि अख्ख्या गल्लीतून एका दमात रिव्हर्स घेऊन गाडी दारात आणून लावली!

सर बघतच राहिले. "तुला कधीपासून येतं?"

"तुम्ही रविवारी जादा तास घेता ना? तेव्हा मी ड्रायव्हिंग क्लासला जायची," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला कसं सांगावं तेच कळत नव्हतं!"

*

शेख सरांची गाडी म्हणजे सेकंडहँड, लाल, छोटी आणि इमानी. मंद्रूपच्या बाजारादिवशी कॉलेजबाहेर जागा नव्हती, म्हणून त्यांनी ती बाजाराच्या कडेला लावली. संध्याकाळी आम्ही चौघं बसलो, चावी फिरवली, निघालो.

वाटेतलं हत्तूर गाव ओलांडलं तरी कुणी काही बोललं नाही. मग मॅडम म्हणाल्या, "आज एसी नाही लावला?"

"बटणच सापडेना," शेख सर म्हणाले. "पडलं वाटतं कुठंतरी."

रेडिओ लावला तर कन्नड. "हवेमुळं होतं," मी म्हणालो, भूगोलाच्या अधिकारानं. स्टिअरिंग पोटाला लागत होतं. "मैं मोटा हो गया हूँ की," शेख सर स्वतःशीच पुटपुटले. आणि समोर डॅशबोर्डवर एक छोटासा पितळी नंदी बसला होता.

शेख सरांना वाटलं, तो मॅडमनी ठेवला. एवढ्या मायेनं ठेवलाय तर कसं काढायचं? ते घरी जाऊन बेगमला म्हणाले, राहू दे, मोठ्या आहेत त्या. मॅडमना वाटलं, तो शेख सरांनी ठेवला, खास आपल्यासाठी! त्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून नंदीसाठी फूल आणलं. शेख सरांनी ते अदबीनं घेतलं, नंदीपुढं ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "तुमचं मन फार मोठं आहे हो." ते म्हणाले, "तुमच्यापेक्षा नाही." पाटील सरसुद्धा मागच्या सीटवर हळवे झाले.

दुपारी कॉलेजच्या दारात एक माणूस आला. डोक्याला टॉवेल, मागं लाल छोटी गाडी. मंद्रूपचा कांद्याचा व्यापारी.

"सर, ही गाडी तुमची का माजी?"

शेख सर बाहेर आले. दोन लाल गाड्या शेजारी शेजारी. दोघांनी आपापली चावी काढली. दोन्ही चाव्या दोन्ही गाड्यांना लागत होत्या! मग डिकी उघडली. शेख सरांच्या गाडीत, म्हणजे त्याच्या गाडीत, कांद्याची दोन पोती.

"आवो, मला कळलंच न्हाय की," व्यापारी म्हणाला. "माज्या गाडीत एसी न्हाय. काल घरी जाताना बटन दाबलं तर गार वारं! मला वाटलं, पोरानं मला न सांगता बसवून घेतला. मी त्याला रात्री हाटेलात जेवायला घेऊन गेलो!"

"मग पोरगा काय म्हणाला?"

"काय न्हाय. जेवला!"

*

आता हा शेवटचा. हा सांगताना मॅडम अजूनही मध्येच थांबतात.

शनिवार होता, अर्धा दिवस कॉलेज. मॅडमना नवी पेठेत साडी घ्यायची होती. अक्कलकोटहून त्यांची आई येणार होती, जमलं तर तीही दुकानातच भेटणार होती. शेख सर सैफुललाच उतरून गेले. उन्हाची टोपी घातलेल्या पाटील सरांनी आपली पांढरी, सीटवर टॉवेल टाकलेली गाडी कशीबशी कडेला लावली, मी त्यांच्या शेजारी. मॅडम दुकानात गेल्या.

थोड्या वेळानं मागचं दार उघडलं आणि एक म्हाताऱ्या बाई आत येऊन बसल्या. इरकल साडी, हातात पिशवी, कपाळाला विभूती. आम्ही ओळखलं, मॅडमच्या आई! आम्ही दोघांनी मागं वळून नमस्कार केला. बाईंनी केला नाही. खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग एकदम म्हणाल्या, "जमायचं न्हाय मला."

"काय झालं आई?" मी विचारलं.

"येवड्या वर्सांनी काय तोंड दाखवू? म्या त्या दारात पाय ठेवनार न्हाय. मला ष्टँडवर सोडा."

"मॅडम येतीलच इतक्यात."

"कोन म्याडम? सोडताय का उतरू?"

पाटील सरांनी माझ्याकडे बघितलं. दुकानात मायलेकींचं वाजलं असणार! मॅडमना फोन लावला, तर सतत बिझी. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रडणाऱ्या बाईला गाडीत बसवून ठेवणार तरी किती वेळ? सरांनी गाडी स्टँडकडं नेली. मी पिशवी घेऊन त्यांना बसमध्ये बसवलं. बस मंगळवेढ्याची होती. "आई, अक्कलकोटची तिकडे लागते," म्हटलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खाली उतरलो.

इकडं मॅडम साडी घेऊन बाहेर आल्या त्या फोनवर आईशी बोलतच. आईचं यायचं रद्द झालं होतं आणि साडीचा रंग तिला फोनवर समजावून सांगायचा होता. समोर पांढरी गाडी, सीटवर तसाच टॉवेल, पुढं टोपी घातलेले पाटील सर. मॅडम मागं बसल्या, "चला" म्हणाल्या आणि पुन्हा रंगात शिरल्या. पाटील सर बोलले नाहीत, पण ते कधी बोलतात?

गाडी बाळीवेशीतल्या एका गल्लीत थांबली. मॅडमनी फोन ठेवला. टोपीवाला खाली उतरला. ते पाटील सर नव्हते! तिशीतला एक मुलगा. मॅडम "अहो, माफ करा" म्हणेपर्यंत घरातल्या सुनेनं त्यांचा हात धरला. "आत्याबाई, आलात! आधी आत चला. मामंजी दोन दिवस जेवले नाहीत."

आत पलंगावर एक म्हातारे आजोबा बसले होते. रेवणप्पा त्यांचं नाव. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, समोरचा माणूस म्हणजे नुसती सावली. ऑपरेशनला तयार नव्हते. म्हणत होते, थोरली बहीण येऊन सांगेल तरच करीन. बहीण मंगळवेढ्याला. दोघांचं बोलणं कधीचं तुटलेलं, कशावरून ते घरात कुणाला नीट माहीत नाही. सुनेनं, नातवानं तिला कधी धड पाहिलेलंही नव्हतं. त्या टोपीवाल्या नातवानं, म्हणजे बसूनं, फोनवर खूप विनवलं तेव्हा ती कबूल झाली होती. नवी पेठेत साडीच्या दुकानासमोर पांढरी गाडी उभी असेल, एवढंच त्यानं तिला सांगितलं होतं.

मॅडमना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या दारात गोंधळून उभ्या. हातात साडीची पिशवी. पावलांचा आवाज ऐकून आजोबांनी मान वर केली, हात पुढं केला आणि कन्नडमध्ये विचारलं, "बंदि एनु, अक्का?" आलीस का, अक्का?

मॅडम आम्हाला सांगतात, "मला काही सुचेना हो. तो हात तसाच पुढं होता. मी म्हणाले, 'बंदे.' आले. आता आले तर होतेच की मी!"

आजोबांनी हात घट्ट धरला. मग म्हणाले, "डोळ्याचं करू का?"

"कर की," मॅडम म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

"तू म्हनतीस तर करतो." आणि सुनेला हाक मारून त्यांनी भाकरी मागितली.

मॅडम स्वयंपाकघरात गेल्या आणि सुनेला सगळं खरं सांगून टाकलं. तेवढ्यात मॅडमना आमचे फोन दिसले. त्यांनी लावला.

"पाटील सर, कुठं आहात तुम्ही?"

"स्टँडवर. तुमच्या आईंना बसमध्ये बसवलं. फार चिडल्या होत्या."

"माझी आई? ती अक्कलकोटला घरात बसलीय! आत्ता बोलले तिच्याशी!"

"मग ती कोण?"

"ते राहू दे! मी कोण झालेय ते आधी ऐका!"

आम्ही बाळीवेशीत पोचलो तेव्हा आजोबा जेवत होते. सून हात जोडून मॅडमना म्हणाली, "ऑपरेशन होईस्तर काही बोलू नका. नाहीतर पुन्हा हट्ट धरतील." मॅडमना पटत नव्हतं. लबाडी वाटत होती. पण त्या जेवणाऱ्या माणसाकडं बघून त्यांनी मान हलवली.

ऑपरेशनं झाली. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली तसा आजोबांनी घोशा लावला, अक्काला बघायचंय. मंगळवेढ्याला फोन लावला तर तिकडून उचलेना. शेवटी बसू मॅडमना बोलवायला आमच्या कॉलेजात आला. मॅडम त्या रात्री झोपल्या नाहीत. म्हणाल्या, "आजवर मला कुणी खोटी म्हटलं नाही. उद्या तो म्हातारा म्हणणार." मग म्हणाल्या, "म्हणू दे. त्याला दिसायला लागलंय ना."

आम्ही तिघं सोबत गेलो. मॅडमनी आईची जुनी इरकल नेसली होती. आजोबा खुर्चीत बसले होते, डोळ्यांवर काळा चष्मा. मॅडम समोर उभ्या राहिल्या. आजोबांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. केसांकडं, हातांकडं, परत चेहऱ्याकडं. शेख सरांनी माझं मनगट धरलं होतं, ते मला नंतर कळलं.

मॅडम म्हणाल्या, "मी काय म्हणते..."

आजोबांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि बसूकडं वळले.

"डाक्टरला फोन लाव."

बसू घाबरला. "का आजोबा? दुखतंय का?"

"न्हाय. त्येला सांग, लई झ्याक काम केलंस म्हनावं." त्यांनी मॅडमचा हात हातात घेतला. "अक्का माज्यापरास थोरली. आन बग की, कशी लेकीवानी दिसाय लागलीया!"